घाट उतरल्यावर मांड्या-पोटऱ्या आखडतात: रोलर, चेंडू आणि मालीश नेमकं कसं, किती, कधी?

घाटातली_नवखी

नमस्कार मंडळी,

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. ज्यांनी ती धावली आहे त्यांना माहीत आहेच, अर्धी शर्यत यवतेश्वरचा घाट चढण्यात जाते आणि उरलेली अर्धी तोच घाट उतरण्यात. म्हणून रविवारची मोठी धाव घाटातच करते. चढाचं फार काही वाटत नाही, त्रास आहे तो उताराचा. सोमवारी मांड्या जड होतात आणि मंगळवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. जिना चढताना मात्र तेवढं दुखत नाही.

दुसरी अडचण उजव्या पोटरीची. खालचा, घोट्याकडचा भाग कायम ताठ. भिंतीला गुडघा टेकवायची चाचणी करून पाहिली. टाच जमिनीला ठेवून गुडघा भिंतीला लागतो तेव्हा डाव्या पायाचा अंगठा भिंतीपासून ११ सेंमीवर असतो, उजव्याचा जेमतेम ७.

घरात फोम रोलर (अंगाखाली फिरवायचा घट्ट फोमचा दंडगोल), टेनिसचा चेंडू आणि मसाज गन (ठोके देणारं हातातलं यंत्र) आहे. रोलर मांडीच्या बाहेरच्या बाजूला फिरवला की डोळ्यांत पाणी येतं. पोटरीला गन लावली की दुसऱ्या दिवशी काळंनिळं दिसतं. एवढं करून पाय अर्धा तास मोकळा वाटतो आणि मग पुन्हा जैसे थे.

तर विचारायचंय: हे धावण्याआधी करायचं की नंतर? एका जागी किती वेळ? आत ज्या गाठी लागतात त्या फोडायच्या असतात का? घरी तेल लावून मालीश केलं तर उपयोग होतो का? आणि तो अर्ध्या तासाचा मोकळेपणा टिकवायचा कसा?

फिजिओ_मिरज

तुमची दोन दुखणी वेगवेगळी आहेत, त्यांचे उपाय एकत्र करू नका.

आधी मांडी. उतारावर प्रत्येक पाऊल पडताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो. लांब होता होता ताकद लावायची, हे काम स्नायूच्या तंतूंना सर्वांत जड जातं. त्यातून सूक्ष्म इजा होते, सूज येते आणि दुखणं २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळस गाठतं. म्हणून तुमचा मंगळवार वाईट. जिना उतरताना तोच ब्रेक पुन्हा लागतो, चढताना नाही, म्हणून चढताना कमी दुखतं. याचा लॅक्टिक ॲसिडशी संबंध नाही. धाव संपल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट पूर्वपदावर येतं, मंगळवारपर्यंत काही साठून राहत नाही. त्यामुळे ‘मसाजने ॲसिड बाहेर काढायचं’ हा विचार सोडून द्या.

मसाज आणि रोलर ही इजा भरून आणत नाहीत. ते दुखण्याची जाणीव कमी करतात, स्नायूचा बचावाचा ताठरपणा सैल करतात आणि हालचाल सोपी करतात. हेही मोलाचं आहे, कारण मंगळवारी नीट चालता आलं तर बुधवारी हलकी धाव होते. पण दुखणं मुळातून कमी करायचं तर उतार टप्प्याटप्प्याने वाढवणं हाच उपाय. एकदा बेताचा उतार पचवला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने स्नायू पहिल्यासारखा दुखत नाही.

मांडीवर रोलर असा घ्या. पालथं होऊन कोपरांवर या, रोलर एका मांडीखाली, दुसरा पाय बाजूला जमिनीवर. या बाजूच्या पायावर भार कमी-जास्त करून दाब ठरवायचा असतो, तो हवेत ठेवू नका. गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं वरून सुरुवात करून जांघेच्या घडीच्या चार बोटं खाली थांबा. एवढं अंतर जायला चार-पाच सेकंद लागले पाहिजेत. बहुतेक जण लाटण्यासारखं भराभर मागेपुढे करतात, त्यात त्वचा घासते आणि स्नायूपर्यंत काही पोचत नाही. एक मिनिट फिरवा, मग सर्वांत दुखऱ्या जागी थांबा, श्वास सोडा आणि तिथेच गुडघा हळूहळू ९० अंशांपर्यंत वाकवा, सरळ करा. असं पाच-सहा वेळा. एका मांडीला एकूण दोन मिनिटं पुरतात.

दाब किती, यावर सगळं अवलंबून आहे. दहापैकी पाच-सहा एवढंच दुखावं. श्वास अडकला, दात आवळले, डोळ्यांत पाणी आलं म्हणजे तुम्ही आठच्या वर गेलात. त्या दाबाला स्नायू सैल होत नाही, उलट आवळून स्वतःला वाचवतो. शिवाय कोपरांवर असताना कंबर खाली झोळत असेल तर दुसऱ्या दिवशी मांडीपेक्षा कंबर जास्त दुखेल. पोट थोडं आत धरा.

मांडीच्या बाहेरच्या बाजूचं रोलिंग बंद करा. तिथे आयटी बँड नावाची जाड, चिवट पट्टी आहे. ती रोलरने लांब होत नाही, तेवढी ताकद माणसाच्या वजनात नसते. दुखतं ते तिच्याखालचा स्नायू आणि गुडघ्याजवळची चरबीची नाजूक गादी हाडावर चिरडली जाते म्हणून. त्या पट्टीला वरून ओढणारे स्नायू मोकळे करा. एक पॅन्टच्या पुढच्या खिशाच्या जागी आहे, दुसरा कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात. तिथे टेनिसचा चेंडू पुरतो.

आता पोटरी. भिंतीच्या चाचणीत गुडघा वाकलेला असतो. पोटरीचा वरचा फुगीर स्नायू, गॅस्ट्रोक्नेमियस, गुडघ्याच्या वरून सुरू होतो, त्यामुळे गुडघा वाकला की तो ढिला पडतो. तरीही अडकतंय म्हणजे अडथळा एकतर त्याच्याखालच्या सोलियस स्नायूत आहे किंवा घोट्याच्या सांध्यात. चाचणी पुन्हा करा आणि नेमकं कुठे अडतं ते सांगा. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं वाटत असेल तर सांधा, मागे पोटरीत खालच्या भागात ओढ बसत असेल तर सोलियस. पुढे चिमटा बसत असेल तर पोटरी कितीही रगडली तरी ते ७ सेंमी हलणार नाहीत.

आणखी एक. नडगीच्या आतल्या काठावरून, हाडावरच, अंगठा दाबत खालून वर या. हाडाच्या काठाला लांबवर दुखत असेल तर तो शिन स्प्लिंटचा, म्हणजे धावण्याच्या ताणाने नडगीच्या काठाला येणाऱ्या दुखण्याचा, प्रकार आहे. एकाच रुपयाएवढ्या जागी टोचून दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेवर तो बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं कायम असेल तर अस्थितज्ज्ञांना तसं सांगा. अशा पायाला मालीश, रोलर, काहीही नको.

तालमीतला_हात

फिजिओंनी रोलरचं सांगितलं, मी हाताच्या मालिशीचं सांगतो. घरात दुसरं माणूस हाताशी असेल तर रोलरपेक्षा हात कधीही सरस, कारण हाताला कळतं कुठं थांबायचं.

तेल तिळाचं, कोमट. एका पायाला दोन चमचे म्हणजे साधारण १० मिली बास. लोक वाटीभर ओततात आणि मग हात नुसता घसरतो, मांस हातात येत नाही. मोहरीचं तेल काहींच्या कातडीला झोंबतं, पुरळ येतं. केस काढलेल्या पायाला तर त्या दिवशी लावूच नका.

पालथं झोपवा आणि घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या, गुडघा थोडा वाकला पाहिजे. ही गुंडाळी विसरू नका. पाय सपाट असला की पोटरी ताणलेली राहते आणि मालीश करणारा ताणलेल्या दोरीशी झगडत बसतो. गुंडाळी दिली की पोटरी लोंबते, हातात घेता येते.

पहिल्यांदा नुसता तळहात, घोट्याकडून गुडघ्याकडं, हलका, आठ-दहा वेळा. हात नेहमी हृदयाच्या दिशेनं दाबत न्यायचा आणि परत येताना फक्त टेकवून आणायचा. मग पोटरी दोन्ही हातांत धरून कणीक मळतात तशी उचलून पिळायची, एक हात पुढं एक मागं, दोन-तीन मिनिटं. हाडावर दाबायचं नाही, मांस हाडापासून सुटं करायचं. त्यानंतर अंगठे. पोटरीच्या मधल्या रेषेनं खालून वर, अंगठ्यावर अंगठा ठेवून, एक टप्पा तीन-चार सेकंद. जिथं कडक लागेल तिथं २०-३० सेकंद थांबायचं, घासायचं नाही. शेवटी परत हलका तळहात. एका पायाला आठ-दहा मिनिटं. मांडीलाही हेच, फक्त तिथं अंगठ्याऐवजी मूठ किंवा हाताचा कोपराखालचा सपाट भाग वापरा, अंगठे वाचतात. अंगठ्याचा सांधा मागं वाकवून दाबू नका, रोज मालीश करणाऱ्यांचे अंगठे त्यानंच जातात.

गुडघ्यामागच्या खळग्यात कधी अंगठा घालायचा नाही. तिथं मोठी रक्तवाहिनी आणि नस उघड्यावर असतात. तसंच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली जी हाडाची गोटी लागते तिच्यामागची नस दाबली तर पाऊल झिणझिणतं.

घाट उतरून आलात त्याच दिवशी जोराचं मालीश नको, त्या दिवशी फक्त हलका तळहात. खोल हात दोन दिवसांनी. आणि तळपायाचं तेल पुसल्याशिवाय उठू नका, फरशीवर पाय सटकतो. अंगाचं तेल काढायला डाळीचं पीठ चांगलं.

कबड्डी-कुस्तीवाल्यांनी एक लक्षात ठेवा. मांडीत गुडघा बसून मुका मार लागला असेल तर ती मांडी रगडायची नाही. आत रक्त साकळलेलं असतं आणि रगडत राहिलं तर तिथं मांसातच हाड धरतं. गुडघा वाकायचा कमी होतो आणि महिनोन्‌महिने माणूस आखाड्याबाहेर बसतो. अशा माराला बर्फ, पट्टी, आणि गुडघा दुखणार नाही इतपत वाकवून आराम.

सोमवार_विश्रांती

बाकी सगळं पटलं, पण गाठ फोडल्याशिवाय पोटरी सुटत नाही असं आमच्या ग्रुपमधले सगळेच सांगतात. दोन दिवस दुखलं तरी चालेल, नंतर मोकळं होतं. मग हलका हात कशासाठी?

फिजिओ_मिरज

ती गाठ म्हणजे चिकटलेलं काही नसतं की जे फोडावं. स्नायूचा एक छोटा भाग आवळलेला आणि संवेदनशील झालेला असतो. बोटाखाली दोरीसारखा किंवा वाटाण्यासारखा लागतो, दाबल्यावर दुखतो, कधी दुसरीकडे कळ पाठवतो. दाब धरून ठेवला की मेंदूकडे जाणारा दुखण्याचा संदेश मंदावतो आणि तो भाग सैल सुटतो. याला २० ते ६० सेकंद लागतात. ९० सेकंदांत सुटला नाही तर त्या दिवशी तो नाद सोडा, दाब वाढवू नका.

नंतर मोकळं वाटतं हे खरं आहे, पण दोन दिवसांनी मोकळं वाटतं त्याचं कारण असं की मसाजनेच केलेली दुखापत तोवर भरलेली असते. काळंनिळं म्हणजे केशवाहिन्या फुटलेल्या. तो मसाज यशस्वी झाल्याचा पुरावा नाही. आधीच घाटाने दुखावलेल्या स्नायूवर ही दुसरी दुखापत कशाला घालायची?

तालमीतला_हात

यात थोडी भर. पैलवानाला जोराचा हात सोसतो, कारण त्याला लहानपणापासून रोजची सवय असते आणि हात देणाऱ्यालाही त्याचं अंग माहीत असतं. तो जोर बघून पहिल्यांदाच मालीश घेणाऱ्यावर लावला तर ताप आल्यासारखं अंग मोडून येतं. नव्या माणसाला आठवड्यातून एकदा, अर्ध्या जोरानं. महिन्याभरात त्याचं अंगच सांगेल किती वाढवायचं ते.

टाच_खाली

अर्ध्या तासाचा मोकळेपणा टिकवायचा कसा, त्याबद्दल लिहितो. मूळ मुद्दा तिथेच आहे.

रोलर किंवा अंगठ्याने लवचीकता वाढते ती साधारण १० ते ३० मिनिटांपुरती. तेवढ्या वेळात स्नायू लांब झालेला नसतो. मज्जासंस्थेने थोडी ढील दिलेली असते, ताण सहन करायची मर्यादा वाढलेली असते. ती वेळ टीव्हीसमोर बसून घालवली तर शरीर जुन्या हद्दीत परत येतं. त्याच वेळात नव्या हद्दीपर्यंत जाऊन ताकद लावली, तर पुढच्या काही आठवड्यांत ती हद्द स्वतःची होते. मालीश झालं की लगेच व्यायाम, हा क्रम चुकवू नका.

तुमच्या ७ सेंमीच्या घोट्यासाठी, अडथळा पोटरीत आहे असं गृहीत धरून: जिन्याच्या पायरीवर फक्त चवडा ठेवून उभ्या राहा, कठडा धरा. दोन्ही गुडघे २०-३० अंशांत वाकलेले ठेवा आणि शेवटपर्यंत तसेच राहू द्या. टाचा तीन सेकंद मोजत पायरीच्या खाली न्या, तळाशी दोन सेकंद थांबा, मग वर या. १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी एका पायावर, मग पाठीला पाच किलोची सॅक. चुकतं कुठे, तर थकल्यावर गुडघे नकळत सरळ होतात आणि काम सोलियसवरून वरच्या स्नायूकडे जातं. दुसरी चूक म्हणजे तळाशी आपटून उसळी मारत वर येणं. टाचेच्या मागच्या जाड दोरीसारख्या बंधात (पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या) टोचू लागलं तर खोली कमी करा, पायरीऐवजी सपाट जमिनीवर करा.

मोजमाप दोन आठवड्यांतून एकदा, सकाळी त्याच वेळी, अनवाणी, जमिनीला चिकटपट्टीची खूण करून. टाच उचलली जातेय का हे बघायला टाचेखाली कागदाची पट्टी ठेवा आणि कोणाला तरी ओढायला सांगा. सुटली तर ते माप खोटं. दोन्ही पायांत दीड-दोन सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर लक्ष द्यायला हवं, तुमचा तर चारचा आहे. रोज मोजू नका, आदल्या दिवशीच्या धावेप्रमाणे ते मागेपुढे होतं आणि उगाच मन खट्टू होतं.

मांडीसाठी २० सेंमीच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच तीन सेकंदांत हळू खाली टेकवा. प्रत्येक पायाला आठ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. गुडघा आत झुकू देऊ नका, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. हा छोटा घाटच आहे, फक्त मोजूनमापून केलेला.

धावण्याआधी: पोटरी आणि मांडी प्रत्येकी ३० ते ६० सेकंद रोलर, मग पाय झुलवणं, पायरीवर दहा-बारा वेळा टाचा वर-खाली, आणि हलकी धाव. धावेआधी एका स्नायूचा मिनिटापेक्षा जास्त स्थिर (एकाच जागी धरून ठेवलेला) ताण नको, थोडी ताकद घटते. स्थिर ताण संध्याकाळी द्या, ३० सेकंद, तीन-चार वेळा. एका स्नायूला आठवड्याला एकूण पाच मिनिटं तरी ताण पडला पाहिजे, त्याखाली फरक कमी दिसतो.

मांडीचा मागचा स्नायू आखडला असेल तर ओढणी किंवा टॉवेल तळपायात अडकवून, उताणं झोपून पाय वर घ्या. जिथे ओढ बसते तिथे थांबून टाच सहा सेकंद ओढणीच्या विरुद्ध खाली दाबा, ताकद तिसरा हिस्साच लावा. सोडा, श्वास सोडा आणि पाय थोडा पुढे आणून २० सेकंद धरा. तीन-चार वेळा पुरे. पूर्ण ताकदीने दाबलं तर मांडीत गोळा येतो.

घाटातली_नवखी

सगळ्यांचे मनापासून आभार. चाचणी परत केली. घोट्याच्या पुढे काही नाही, ओढ मागेच बसते, पोटरीच्या खालच्या आतल्या भागात. नडगीच्या हाडावर दाबून दुखत नाही. म्हणजे सोलियसच समजू ना? मग तिथे रोलर पोचतो का? आणि कुल्ल्याला चेंडू लावताना मध्येच पायात वीज गेल्यासारखं होतं, ते चालेल का? गनबद्दलही सांगा.

फिजिओ_मिरज

हो, सोलियस. तिथे रोलर नीट पोचत नाही, वरचा स्नायू आड येतो. अंगठे वापरा. खुर्चीत बसून उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवा. आतल्या घोट्याच्या हाडापासून आठ-दहा सेंमी वर, नडगीच्या काठाच्या लगेच मागे मांस लागतं, ते सोलियस. दोन्ही अंगठे तिथे टेकवा, दाब हाडावर न देता तिरका मागच्या बाजूला द्या. आधी पाऊल खाली, बोटं जमिनीकडे, म्हणजे स्नायू ढिला होतो. आता दाब धरून ठेवा आणि पाऊल तीन सेकंदांत नडगीकडे वर ओढा. अंगठ्याखालून स्नायू सरकतो आहे हे जाणवलं पाहिजे. परत खाली. सहा-आठ वेळा. मग एक अंगठा वर सरका. अशा चार-पाच जागा, एकूण तीन-चार मिनिटं. त्या जागी तेल नको, असेल तर पुसून घ्या, कारण अंगठा घसरला की पकड सुटते. घोट्याच्या आतल्या हाडाच्या लगेच मागे दाबू नका, तिथून नाडी आणि नस जाते. तळपाय झिणझिणला तर अंगठा एक सेंमी मागे घ्या. झालं की लगेच वर सांगितलेला पायरीचा व्यायाम.

कुल्ल्यातली वीज चालणार नाही. चेंडू सायटिक नसेवर बसतोय. कमरेतून पायात उतरणारी ती नस कुल्ल्याच्या मधोमध-खालून जाते, म्हणून चेंडू वर आणि बाहेर घ्या, पॅन्टच्या मागच्या खिशाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात. जमिनीवर बसू नका. भिंतीला टेकून उभं राहा, पाय भिंतीपासून जितके लांब तितका दाब जास्त. एका जागी ३० सेकंद, तीन-चार जागा. कडक रबरी चेंडू नंतर, आत्ता टेनिसचाच. आणि चेंडू नसताना, चालताना-बसतानाही पायात कळ जात असेल, तर प्रश्न कमरेचा असू शकतो, दाखवून घ्या.

गन सर्वांत कमी वेगावर, गोल डोकं, दाबायची नाही, तिचं स्वतःचं वजन पुरतं. एका स्नायूवर एक ते दोन मिनिटं, सावकाश सरकवत. एकाच जागी धरून ठेवली म्हणूनच काळंनिळं झालं. हाड, गुडघ्यामागचा खळगा, जांघ, मानेची पुढची बाजू, इथे अजिबात नाही. निळी जागा पिवळी पडून जाईपर्यंत तिथे काही लावू नका.

आणि धावेआधी आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेऊन मांडी गप्प करायची काहींना सवय असते, ती लावून घेऊ नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला त्रास देते.

लांबचा_धावक

परदेशात राहणाऱ्यांसाठी आणि लांबचा विमानप्रवास करून शर्यतीला येणाऱ्यांसाठी हे लिहितो, कारण पोटरी दुखली की सगळे आधी रोलर शोधतात.

प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा प्लास्टर काढल्यावर एकाच पोटरीत दुखत असेल, ती गरम, लालसर, सुजलेली असेल तर आधी टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संशय धरतात. फरक कमी असला तरी बाकीची लक्षणं असतील तर त्याच दिवशी डॉक्टर. अशी पोटरी चोळायची नाही, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सोबत धाप किंवा छातीत दुखत असेल तर थेट तातडीच्या विभागात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी खोल मालीश आणि गन टाळावी. मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेल्यांनी चेंडू किंवा गोठवलेली पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवू नये, इजा झालेली त्यांना कळत नाही. आणि घाटानंतर स्नायू प्रमाणाबाहेर सुजून लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली तर ते स्नायूंचं दुखणं राहिलेलं नाही, मूत्रपिंड धोक्यात आहे, लगेच रुग्णालयात जा.

सोमवार_विश्रांती

हलक्या हाताचं पटलं. शर्यतीच्या आठवड्यात मालीश कोणत्या दिवशी ठेवायचं?

टाच_खाली

शर्यत रविवारी धरली तर शेवटचा खोल हात बुधवारी, त्यानंतर नाही. पायरीवरचे जड व्यायाम तर शर्यतीच्या सात-आठ दिवस आधीच थांबवा. शनिवारी फक्त पाच मिनिटं तळहाताचं हलकं मालीश किंवा रोलर. आयुष्यात पहिल्यांदा मालीश घ्यायचा प्रयोग या आठवड्यात करू नका, पोटरी दोन दिवस दुखरी राहिली तर यवतेश्वरच्या चढावर पहिल्या किलोमीटरलाच कळतं.

शर्यत संपल्यावर लगेच आडवं होऊ नका, १०-१५ मिनिटं चाला, पाणी-मीठ घ्या. मग तंबूत मालीश मिळत असेल तर घ्या, पण आधीच सांगा, ‘हलक्या हाताने, घोट्याकडून वर.’ तिथे घाईत बऱ्याचदा जोराने रगडतात. पोटरीत गोळा आला असेल तर आधी चोळायचं नाही. गुडघा सरळ करून चवडा नडगीकडे ओढून धरायचा, २०-३० सेकंद, गोळा सुटेपर्यंत. सुटल्यावर हलका तळहात. खोल मालीश मंगळवारी संध्याकाळी किंवा बुधवारी, जिना उतरताना कठडा लागायचा थांबला की.

तालमीतला_हात

आणि त्या बुधवारी आधी मांड्या घ्या, मग पोटऱ्या. वरचा भाग आधी मोकळा केला की खालची सूज वर सरकायला वाट मिळते. पाय उशीवर घेऊन करा, आणि झाल्यावर अर्धा तास गार पाणी अंगावर घेऊ नका.

घाटातली_नवखी

लिहून घेतलं. सोलियसचे अंगठे आणि लगेच पायरी, एक दिवसाआड, आजपासून सुरू करते. बाहेरच्या मांडीवरचा रोलर बंद. दोन आठवड्यांनी भिंतीचं माप इथेच टाकते.